पुन्हा येऊन बघतो

सोफा धुऊन दिल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक फोन येतो. "अहो, तुमची मुलं गेली तेव्हा डाग नव्हता. आज बघते तर परत आलाय, आणि आधीपेक्षा मोठा दिसतोय." घरसफाईच्या धंद्यात नवा असलेला माणूस इथे हमखास घसरतो. डाग निघालेला त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असतो, मोबाइलवर फोटोही असतो. त्या भरवशावर तो म्हणतो, "मॅडम, नंतर काहीतरी सांडलं असेल." झालं. आता प्रश्न डागाचा राहिला नाही. बाईंना तुम्ही त्यांच्याच घराबद्दल खोटं पाडलंत.

खरं तर दोघांचंही बरोबर असतं. चहा सोफ्यावर सांडला की तो कापडावर थांबत नाही, खालच्या फोममध्ये उतरतो. धुताना कापड स्वच्छ होतं, पण फोममध्ये मुरलेला चहा पाण्याने सैल होतो आणि तिथेच राहतो. सोफा वाळू लागला की वरच्या कापडातलं पाणी उडतं, त्याची जागा घ्यायला खालचं पाणी वर चढतं, कंदिलाच्या वातीतून रॉकेल चढावं तसं. येताना ते चहाचा रंग घेऊन येतं. पाणी उडून जातं, रंग कापडावर बसतो, आणि कडेला तपकिरी रेघ उमटते. पावसाळ्यात सोफा दोन-दोन दिवस ओला राहतो, त्यामुळे हा प्रकार आणखी वाढतो, शिवाय कुबट वास येतो तो वेगळाच. उपाय अवघड नाही. मुळात पाणी कमी वापरायचं, मशिनने ते जास्तीत जास्त ओढून घ्यायचं, पंखा सोफ्याच्या दिशेने लावून ठेवायचा आणि डाग वर आलाच तर दुसऱ्यांदा फक्त वरचं कापड अलगद पुसून घ्यायचं. दुसऱ्या फेरीत तो बहुधा निघतो.

पण हे सगळं तुम्ही फोन आल्यावर सांगायला लागलात तर ऐकणाऱ्याला त्यात फक्त पळवाट दिसते. हेच काम सुरू करण्याआधी, सोफ्याजवळ उभं राहून, दोन वाक्यांत सांगितलं असतं तर? "ताई, हा डाग जुना आहे, आत मुरलेला आहे. आज जाईल, पण वाळताना पुन्हा वर येऊ शकतो. आला तर मला फोन करा, एक फेरी परत मारून देतो, त्याचे पैसे नाहीत." मग तिसऱ्या दिवशी तोच फोन येतो, पण सूर निराळा असतो: "तुम्ही म्हणालात तसंच झालं हो." कामाआधी सांगितलं तर ती माहिती, कामानंतर सांगितलं तर ती सबब. घरसफाईतल्या निम्म्याअधिक भांडणांचं मूळ मला तरी या दोन वेळांच्या फरकात दिसतं. गोड बोलण्याचे क्लास लावून ते भांडण मिटत नाही.

आधी सांगण्यासारखं बरंच असतं. बाथरूमच्या काचेवर टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्याचे पांढरे थर वर्षानुवर्षं बसले असतील तर थर निघेल, पण खालची काच खरवडली गेली असेल तर धूसरपणा जाणार नाही. टाइल्सच्या फटींतलं सिमेंट काळं पडलंय ते वरवरचं आहे की आत बुरशी गेलीय, हे घासल्याशिवाय कळत नाही. नळाचं क्रोम आधीच उडालेलं असेल तर ते घासून चकाकणार नाही, उलट जास्त उघडं दिसेल. स्वयंपाकघरातल्या चिमणीची जाळी अॅल्युमिनियमची असेल तर ती कॉस्टिक सोड्यात बुडवता येत नाही, काळी पडते आणि झिजते, म्हणून तिला वेळ लागतो. हे सगळं घरभर फिरत दहा मिनिटांत सांगून होतं. जिथे शंका आहे तिथला फोटो काढून तिथल्या तिथे ग्राहकाच्या व्हॉट्सअॅपवर टाकायचा. हा फोटो पुढे कुणाच्या तोंडावर फेकण्यासाठी नसतो. दोघांनी एकाच वेळी एकच गोष्ट पाहिली, एवढीच त्याची नोंद.

न बोलता निघून जाणारे

तक्रार करणारा ग्राहक कटकटीचा वाटतो खरा, पण धंद्याला खरा धोका न बोलणाऱ्याचा. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये 'एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी' हे छोटं पुस्तक लिहिलं. हा विषय त्याच्या डोक्यात शिरला तो नायजेरियातल्या रेल्वेमुळे. रेल्वेचा कारभार ढिसाळ, तिच्याशी स्पर्धा करायला रस्त्यावरून ट्रक धावू लागलेले, तरीही रेल्वे सुधारायचं नाव घेईना. स्पर्धा आली की सेवा सुधारते, हा आपला नेहमीचा समज. हर्शमनला दिसलं ते वेगळंच: ढिसाळपणा ज्यांना सर्वात जास्त खुपत होता आणि ज्यांनी ओरडून-भांडून रेल्वेला सुधारायला लावलं असतं, तेच लोक ट्रककडे निघून गेले. मागे राहिलेल्यांकडून रेल्वेला कसला त्रासच नव्हता.

घरसफाईत निघून जाणं याहून सोपं. पुढच्या दिवाळीला दुसऱ्या नंबरवर फोन लावायचा, संपलं. त्यात आपल्याकडे भिडेची भर. पोरं सहा तास राबली, घामाघूम झाली, मध्ये आपणच त्यांना चहा-बिस्किटं दिली, आता निघताना कसं म्हणायचं की खिडकीच्या ट्रॅकमध्ये माती तशीच आहे? म्हणून काकू हसून पैसे देतात, "छान झालं हं" म्हणतात आणि संध्याकाळी जाऊबाईंना फोनवर सांगतात, "वरवर पुसून गेले गं, कोपरे तसेच आहेत." ही तक्रार जगात सगळीकडे पोचते, फक्त तुमच्यापर्यंत पोचत नाही.

ती आपल्याकडे यावी असं वाटत असेल तर आपणच विचारायला जावं लागतं, आणि विचारण्याचीही एक रीत आहे. "काम कसं वाटलं?" या प्रश्नाला "छान" हेच उत्तर मिळतं. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी विचारा, "काकू, हॉलच्या काचा आज उन्हात बघितल्यात का? कुठे ओघळ राहिलेत का?" काचा संध्याकाळी पुसलेल्या असतात. ट्यूबलाइटच्या उजेडात त्या स्वच्छ दिसतात, पण सकाळचं तिरकं ऊन आलं की फडक्याचा प्रत्येक फराटा उमटतो. चकचकीत व्हिट्रिफाइड फरशीचंही तसंच. बादलीत लिक्विड जास्त पडलं की त्याचा पातळ थर फरशीवर राहतो, त्यावर अनवाणी पावलं उमटतात, आणि ती दिसतात सकाळीच. नेमकं विचारलंत की माणूस नेमकं सांगतो. शिवाय आपण विचारलेल्या जागेबद्दल बोलणं म्हणजे तक्रार करणं, असं काकूंना वाटत नाही. भीड तिथेच मोडते.

फोन आल्यावर पहिल्या मिनिटात काय करायचं, यावर व्यवस्थापनाच्या पुस्तकांत पानंच्या पानं आहेत. मला त्यातलं फार थोडं उपयोगी वाटतं. समोरच्याचं बोलणं पूर्ण होऊ द्यावं. कुठल्या खोलीत काय, हे लिहून घ्यावं आणि लिहिलेलं त्यांना वाचून दाखवावं. "पण" या शब्दाने वाक्य सुरू करू नये. त्रास झाला याबद्दल दिलगिरी लगेच, चूक कुणाची हे मात्र बघितल्यावर. आणि "लवकरात लवकर" असं न म्हणता वेळ द्यावी: "उद्या चार ते पाचच्या दरम्यान मी स्वतः येऊन बघतो." दोन वाक्यं मात्र चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नयेत. पहिलं, "माझी मुलं असं करणारच नाहीत." दुसरं, "नवीन पोरगा होता, उद्याच काढून टाकतो." पहिल्याने ग्राहक खोटा ठरतो. दुसऱ्याने बऱ्याच ग्राहकांना संकोचच वाटतो. कुणाच्या पोटावर पाय द्यायला त्यांनी फोन केलेला नसतो, त्यांना फक्त ट्रॅक साफ हवा असतो. आणि हे वाक्य कामगारांच्या कानावर गेलं की पुढच्या वेळी काही बिघडलं तर ते तुम्हाला कळणार नाही.

गेल्यावर आधी बघायचं, आणि ते घरच्या माणसाच्या जागेवरून. सफाई करणारा उभा राहून बघतो. घरातला माणूस आडवा पडून, बसून, ओट्याशी वाकून बघतो. पलंगावर पडल्यावर नजर थेट पंख्याच्या पात्यांच्या खालच्या बाजूला आणि छताच्या कोपऱ्यातल्या जळमटाकडे जाते. आजोबा ज्या खुर्चीत दिवसभर बसतात तिथून टीव्हीच्या टेबलाखालची वायरींची धूळ दिसते, उभ्या माणसाला ती दिसतच नाही. कमोडवर बसल्यावर बाथरूमच्या दाराची आतली बाजू नाकासमोर येते. "काहीच नीट केलं नाही" असा मोघम राग असेल तर त्यांच्या रोजच्या जागी जरा टेकू का, असं विचारून बसून बघा. पुष्कळदा मोघम राग त्या एकाच जागेपुरता असतो.

काही तक्रारी तर धुळीच्या नसतातच. मसाल्याच्या बरण्या पुसून परत ठेवल्या, पण उलट्या क्रमाने. माळ्यावरची मोठी पातेली समोर आली आणि रोजचा कुकर मागे गेला. घर स्वच्छ झालंय, पण आता ते आपलं वाटत नाही, आणि हे शब्दांत सांगता येत नसल्यामुळे बोलणं "ट्रॉलीत तेलकटपणा राहिलाय" असं बाहेर पडतं. सामान काढण्याआधी कपाटाचा एक फोटो काढून तसंच परत लावणं, एवढ्यावर हा प्रश्न सुटतो. देवघराचं निराळं. ते साफ करायचं का हे आधी विचारावं, नको म्हणाले तर कारण विचारू नये. पण "देवघराला अमक्या जातीचाच माणूस पाठवा" अशी मागणी आली तर देवघर कामातून वगळावं, आणि ग्राहक ऐकेना तर ते घरही.

जळलेली फरशी

आतापर्यंतच्या तक्रारी पुन्हा एक फेरी मारून निस्तरता येण्यासारख्या होत्या. काही गोष्टी मात्र परत येऊन पुसल्या तरी जात नाहीत. कडाप्प्याच्या ओट्यावर लिंबू पडून राहिलं की पांढरट डाग पडतो हे आपल्याकडे प्रत्येक घराला माहीत असतं. त्यामागचं कारण साधं आहे. कडाप्पा, कोटा, शहाबादी आणि संगमरवर हे सगळे मुळात चुनखडीच्या कुळातले दगड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल पडलं की दगडाचा वरचा थर विरघळतो, त्याची चकाकी जाते. लिंबाने होतं ते थोडक्यात. टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, त्याच्या थेंबाने मार्बलवर बुडबुडे येतात आणि क्षणात निस्तेज चट्टा उठतो. लोक त्याला फरशी जळली म्हणतात. ग्रॅनाइटला हे सहसा होत नाही, म्हणून ज्या कामगाराने आधी ग्रॅनाइटच्या घरांत काम केलेलं असतं त्याला मार्बलचा धोका ठाऊक नसतो. बाथरूममधून हॉलकडे येताना हातातली बाटली ठिबकली, एवढं पुरे होतं.

हा चट्टा म्हणजे काही वरून लागलेलं नाही, तिथला दगडच खाल्ला गेलाय. तो पुसून निघत नाही, मार्बल पॉलिशवाला बोलावून तेवढा भाग हिऱ्याच्या पॅडने घासून पुन्हा चमकवावा लागतो. अशा वेळी काय बोलायचं याची तयारी करण्यापेक्षा काय करायचं ते आधी ठरवलेलं असावं: पॉलिशवाल्याचा नंबर, अंदाजे दर, आणि एवढ्या रकमेपर्यंतचा निर्णय सुपरवायझर जागेवरच घेईल अशी मर्यादा. नुकसान झालंय हे उघड दिसत असताना "मालकांशी बोलून सांगतो" म्हणून निघून जाणाऱ्या माणसाइतकं ग्राहकाला दुसरं काही खुपत नसेल. धंदा मोठा असेल तर अशा नुकसानीसाठी विमा मिळतो. लहान असेल तर दर महिन्याच्या जमेतून थोडी रक्कम त्यासाठी बाजूला काढावी. आणि काहीही झालं तरी दुसरं रसायन ओतून चट्टा झाकायला जाऊ नये. विशेषतः आम्लावर ब्लीच कधीच नाही, त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो माणसाच्या जिवावर बेततो.

यातली खरी मेख पैशांची नाही. ही भरपाई कुणाच्या खिशातून जाणार, ही आहे. पुष्कळ ठिकाणी ती कामगाराच्या मजुरीतून कापतात. मालकाला वाटतं, त्यामुळे पोरं जपून काम करतील. होतं उलटच. बेसिनचा टवका उडाला की पोरगा त्यावर साबणाची डबी सरकवून ठेवतो. जळलेल्या चट्ट्यावर पायपुसणं येतं. दोन दिवसांनी ते ग्राहकाला सापडतं, आणि मग नुकसानीत लपवाछपवीची भर पडते. लपवाछपवीला पॉलिशवाला मिळत नाही. कापणार नाही, असा शब्द दिला आणि दोन-तीन प्रसंगी तो पाळला की पोरं स्वतःहून येऊन सांगू लागतात, "दादा, हातून चूक झाली." मग तुम्ही घरात असतानाच ग्राहकाला बोलावून ते दाखवू शकता. तेही पुन्हा "आधी सांगितलं" या खात्यात जमा होतं.

सापडत नसलेली अंगठी

सर्वात अवघड फोन हा. "तुमची माणसं येऊन गेल्यापासून माझी अंगठी सापडत नाहीये." अजून आरोप केलेला नसतो, पण तो वाक्यात बसलेला असतो. घरात काम करणाऱ्या बाईवर चोरीचा संशय ही आपल्या समाजातली फार जुनी सवय आहे. सोसायटीच्या गेटवर कामाला येणाऱ्या बायकांच्या पिशव्या तपासतात, रहिवाशांच्या नाही. 1980 मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला, त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. पुढे राज्याने घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला तो 2008 मध्ये. कागदावर बरंच बदललं. अंगठी सापडेनाशी झाली की पहिली नजर मात्र अजून तिथेच जाते.

इथे तुमच्यावर दोन माणसांची जबाबदारी असते. ग्राहकाची वस्तू खरोखरच गेली असेल, आणि कामगाराची अब्रू खरोखरच जाऊ शकते. म्हणून फोनवर कुणाचीच बाजू घ्यायची नाही. "मॅडम, काळजी वाटणं साहजिक आहे. अंगठी शेवटची कधी आणि कुठे पाहिलीत ते आठवून सांगा. आम्ही कुठल्या खोलीत कधी होतो आणि कुठलं सामान कुठे हलवलं, ते सगळं मी तुम्हाला तासाभरात लिहून पाठवतो." सफाईत वस्तू जागा सोडतात. उशीखालची अंगठी चादरीबरोबर धुण्याच्या टोपलीत जाते, टेबलावरची फुलदाणीत पडते, बेसिनवरची जाळीतून खाली घरंगळते. हलवलेल्या सामानाची यादी हाताशी असेल तर शोधायला दिशा मिळते, आणि पुष्कळदा वस्तूही. तरी मिळाली नाही तर सरळ सांगावं की पोलिसांत तक्रार देणं हा तुमचा हक्क आहे, आम्ही पूर्ण सहकार्य करू. कामगाराला ग्राहकासमोर उभं करून उलटतपासणी घेऊ नये. त्याची झडती घेण्याचा अधिकार ग्राहकाला नाही, तुम्हालाही नाही. आणि अंगठी दोन दिवसांनी पर्समध्ये सापडली, तर फक्त तुम्हाला "सापडली हो" असा मेसेज पुरत नाही. त्या मुलीशीही बोला असं ग्राहकाला सुचवावं. बहुतेकजण बोलतात. जे बोलत नाहीत त्यांच्या घरी मी तीच माणसं पुन्हा पाठवणार नाही.

हा फोन येऊच नये यासाठी दोन गोष्टी करता येतात. बुकिंगच्या मेसेजमध्येच लिहायचं, "दागिने आणि रोकड कपाटात ठेवून किल्ली आपल्याजवळ ठेवावी. कपाट आतून पुसायचं असल्यास आपण समोर असावं." दुसरं, कामगारांच्या पिशव्या आत न नेता दाराजवळ ठेवायच्या. ही काळजी ग्राहकापेक्षा कामगारासाठी जास्त आहे, हे त्यालाही समजावून सांगायचं. नाहीतर त्याला त्यातही संशयच दिसतो.

किती द्यायचं, कसं द्यायचं

आता पैशांचं. समजा दोन बेडरूमच्या घराच्या डीप क्लिनिंगचे सहा हजार रुपये घेतले आणि तक्रार खिडक्यांची आहे. दोन माणसं दोन तासांसाठी पाठवली तर येण्याजाण्यासकट सात-आठशे रुपये जातील. हजाराची सूट दिली तर खर्च थोडा जास्त, पण त्रास कमी, म्हणून बरेच जण लगेच सूट देऊन मोकळे होतात. मला हे चुकीचं वाटतं. दिवाळी चार दिवसांवर आली असताना हजार रुपये परत मिळाले तरी काचा घाणेरड्याच राहतात, त्या आता काकूंनाच पुसाव्या लागतात. आधी काम पूर्ण करून द्यायचं. ते करणं शक्यच नसेल, किंवा ग्राहकाला तुमचं तोंड पुन्हा बघायची इच्छा नसेल, तेव्हा पैसे. आणि दुसऱ्या फेरीला गेलेल्या माणसांची त्या तासांची मजुरी तुम्ही द्यायची.

1998 मध्ये टॅक्स, ब्राउन आणि चंद्रशेखरन या तीन संशोधकांनी तक्रार केलेल्या ग्राहकांचा अभ्यास केला. लोक न्याय तीन बाजूंनी मोजतात, असं त्यांनी मांडलं: मिळालं काय, ते मिळवायला किती खेटे घालावे लागले, आणि आपल्याशी वागले कसे. हजार रुपये परत देऊनही ग्राहक रागावलेला का राहतो, याचं उत्तर यात आहे. ते हजार पाच फोन आणि तीन "बघतो-सांगतो" यांनंतर आलेले असतात.

तक्रार चांगली निस्तरली तर ग्राहक आधीपेक्षाही खूश होतो, अशी एक कल्पना व्यवस्थापनशास्त्रात 1992 पासून फिरते आहे. ऐकायला गोड आहे. पण 2007 मध्ये अशा अनेक अभ्यासांची एकत्रित छाननी झाली, तेव्हा समाधान वाढतं असं दिसलं, पण असा ग्राहक पुन्हा येतोच, याला तसा आधार मिळाला नाही. आणि त्याआधी 2002 मधल्या एका अभ्यासात दिसलं होतं की दुसरी चूक झाली की ही जादू संपते. खिडक्यांसाठी परत गेलात आणि ट्रॅक पुन्हा तसाच राहिला, तर मग तिसऱ्यांदा जाण्यात अर्थ नाही. म्हणून दुसऱ्या फेरीला आपला सर्वात चांगला माणूस पाठवावा, रिकामा असेल तो नव्हे.

सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार आली तर तिथे खुलासे करत बसू नये. एकच ओळ: "आज सायंकाळी सहा वाजता येऊन बघतो, इथेच कळवतो." आणि काम झाल्यावर खरंच तिथे कळवावं. फोटो टाकायचा झाला तर ग्राहकाला विचारून. दुसऱ्याच्या बेडरूमचा फोटो ग्रुपवर टाकून आपली बाजू सिद्ध करणाऱ्याला उरलेल्या घरांतून फोन येत नाहीत.

कायद्याचं थोडक्यात. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 2020 मध्ये लागू झाला. पैसे घेऊन दिलेल्या सफाईत त्रुटी राहिली तर ग्राहक जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाऊ शकतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, आणि 1915 ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहेच. एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा: मालक-नोकर नात्यातली वैयक्तिक सेवा या कायद्यातून वगळली आहे. म्हणजे घरात थेट कामाला ठेवलेल्या बाईविरुद्ध आयोगाकडे जाता येत नाही, पण पैसे घेऊन माणसं पाठवणाऱ्या तुमच्या संस्थेविरुद्ध जाता येतं. सहा हजारांच्या सफाईसाठी कुणी सहसा तिथवर जात नाही. जळलेल्या इटालियन मार्बलसाठी जाऊ शकतं.

आलेली प्रत्येक तक्रार एका वहीत टिपून ठेवावी: तारीख, कितवं घर, कुठली खोली, काय राहिलं. महिना-दोन महिने लिहिलंत की एक आकार दिसू लागतो. ट्रॅक राहिल्याच्या तक्रारी एखाद्या पोराच्या नावावर जमतील अशी अपेक्षा असते. त्या जमतात त्या दिवसाच्या तिसऱ्या घरावर, संध्याकाळी सहानंतर. तेव्हा बोलायला हवं ते तीन घरं घेणाऱ्याशी.

आणि काही ग्राहक दरवर्षी पैसे द्यायच्या वेळीच तक्रार करतात. काम चालू असताना समाधानी, बिल दिसलं की "गॅलरीत पाणी साचलंय, पाचशे कमी करा." अशांनाही पहिल्या वेळी संशयाचा फायदा द्यावा, गॅलरी पुसून द्यावी. दुसऱ्या वर्षी तेच झालं तर पैसे पूर्ण घ्यावेत आणि नम्रपणे सांगावं, "साहेब, आमचं काम तुमच्या पसंतीला उतरत नाहीये, पुढच्या वेळी आपण दुसरं कुणी बघावं." पुढच्या वर्षी वसुबारसेच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन येतोच, कारण तोवर बाकी सगळे बुक झालेले असतात. जागा असेल तर घ्या. निम्मे पैसे आगाऊ, आणि गॅलरी सर्वात आधी, त्यांना समोर उभं करून.